कॅसलरॉकचा जकातनाका आणि परदेशची वाट

आमच्या जोयडा तालुक्यातील कॅसलरॉक हे स्थानक हल्ली बहुतेकांस दूधसागराच्या धबधब्यामुळे ठाऊक आहे. पावसाळ्यात शहरांतून तरुणांच्या टोळ्या येतात, घाटाची छायाचित्रे घेतात आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातात. एवढ्याशा गावास इतके मोठे स्थानक कशासाठी, असा प्रश्न त्यांपैकी एखाद्याच्याच मनात येत असेल. घाट उतरावयाच्या गाड्यांना येथे जादा इंजिने जोडावी लागतात, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण आता कोणाच्या ध्यानात उरलेले नाही. १९६१ च्या डिसेंबरापर्यंत कॅसलरॉक हे भारताचे शेवटचे स्थानक होते. येथून पुढे घाटात पोर्तुगीजांचा अंमल सुरू होई, आणि सुमारे २६ किलोमीटर उतरून गाडी कुळें येथे पोहोचली की उतारू परमुलखात आलेला असे.

म्हणजे परदेशप्रवासाची जी कटकट आज आमची मुले विमानतळावर सोसतात, ती आमच्या आजोबा-आजींनी घरापासून दोन हाकांच्या अंतरावर, डोक्यावर गाठोडे घेऊन सोसली होती. ती हकिकत सांगावी आणि तिच्या आधाराने आजच्या वाटसरूंनाही चार गोष्टी कळवाव्यात, असा आमचा विचार आहे.

या मार्गाचा जन्म एका करारातून झाला. १८७८ च्या डिसेंबरात लिस्बन येथे इंग्रज व पोर्तुगीज यांच्यात तह झाला आणि १८८० पासून तो अंमलात आला. त्या तहाने ब्रिटिश हिंदुस्थान व गोवा यांमधील जकात उठली. मिठाचा मक्ता इंग्रजांनी घेतला आणि मोबदल्यात पोर्तुगीज सरकारला दरसाल चार लक्ष रुपये देण्याचे ठरले. गोव्यातील मिठागरांवर पोट भरणाऱ्या गरिबांचे त्यात फार हाल झाले, हे येथे सांगितलेच पाहिजे. तह करणाऱ्यांच्या पंक्तीला आगरी कधीच नसतो. याच तहाच्या आश्रयाने मुरगाव बंदरापासून कॅसलरॉकपर्यंत लोहमार्ग घातला गेला व १८८८ साली त्यावरून सरळ वाहतूक सुरू झाली. मौज अशी, की गाडी सुरू झाली तेव्हा सीमेवर जकात नव्हती. तहाची मुदत बारा वर्षांची होती. १८९२ च्या जानेवारीत ती संपली, नवा तह झाला नाही, आणि जकातीचे नाके पुन्हा उभे राहिले. रूळ तेच, घाट तोच, माणसेही तीच. परंतु आता पेट्या उघडाव्या लागू लागल्या.

आमच्या गावांतील वयोवृद्ध मंडळी त्या नाक्याचे वर्णन करतात ते ऐकण्यासारखे असते. गाडी कॅसलरॉकला थांबली की उतारूंनी सामानासह खाली उतरावे. वळकटी सोडावी, पेटीचे झाकण उघडावे, फराळाचे डबेसुद्धा दाखवावेत. एका आजींनी आम्हांस सांगितले, की माहेरून आणलेल्या दोलीची, म्हणजे बोळींच्या डब्याची, दोन्ही ठिकाणी तपासणी होई. आणि प्रत्येक ठिकाणी दोन बोळ्या कमी होत. कॅसलरॉकची तपासणी आटोपली की पुन्हा गाडीत बसावयाचे, बोगद्यांतून उतरावयाचे आणि कुळेंला तीच कवाईत पोर्तुगीज शिपायांपुढे करावयाची. पहिल्या ठिकाणी इंग्रजी-मराठीत प्रश्न, दुसऱ्या ठिकाणी पोर्तुगीजमध्ये. उत्तर मात्र दोन्हीकडे कोंकणीतच दिले जाई, आणि चालूनही जाई.

येथे एक गोष्ट तरुण वाचकांनी ध्यानात घ्यावी. जकातीची तपासणी आणि माणसाची तपासणी ह्या दोन निराळ्या बाबी आहेत. १८९२ नंतर अनेक वर्षे कॅसलरॉकला मुख्यत्वे मालाचीच झडती होई. माणूस कोण, कोठला, किती दिवस राहणार, याची आजच्यासारखी विचारपूस नव्हती. इकडच्या मुली तिकडे देत, तिकडच्या इकडे येत. शेतीच्या दिवसांत मजूर घाट चढत-उतरत. १९५२ साली संत फ्रान्सिस झेवियर यांच्या मृत्यूस ४०० वर्षे झाली, तेव्हा जुने गोवे येथे त्यांच्या पवित्र देहाचे दर्शन ठेवण्यात आले होते. त्या वेळी घाटावरच्या भाविकांना हीच गाडी जवळची होती.

झडती कडक होण्यास आणखी एक कारण घडले. उत्तर कानडा जिल्हा १८६२ पासून मुंबई इलाख्यात होता, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत तो मुंबई राज्यातच राहिला. त्या राज्याने १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला. एका बाजूस दारूबंदी आणि दुसऱ्या बाजूस काजूची फेणी! घाटातील पायवाटांना त्या काळी किती महत्त्व आले असेल, ते आम्ही वाचकांच्या कल्पनेवर सोडतो. पुढे गोव्याच्या बंदरांत उतरणारे सोने, घड्याळे आणि परदेशी कापड हेही या वाटांनी येऊ लागले. चोरटा व्यापार करणारे पैसेवाले होत, पकडला जाई तो ओझे वाहणारा गरीब. हा भाग काही बदललेला नाही.

मग १९५४ साल उजाडले. गोव्याच्या मुक्तीचा लढा तीव्र झाला होता. भारत सरकारने गोव्याशी होणाऱ्या दळणवळणावर निर्बंध घातले आणि परवान्यावाचून जाणे-येणे बंद झाले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रही ठिकठिकाणी सीमा ओलांडून आत शिरले; पोर्तुगीजांनी गोळीबार केला आणि वीसहून अधिक सत्याग्रही हुतात्मे झाले. पत्रादेवी येथील स्मारक पुष्कळांनी पाहिले असेल. त्याच वर्षी भारताने गोव्यातील आपली वकिलात बंद केली, आणि कॅसलरॉकहून घाट उतरणारी गाडीही थांबली.

राजकारणाचा न्याय-अन्याय इतिहासकारांनी सांगितला आहे. आमच्या मनाला लागते ते घराघरांतील. जिची आई साव्हर्डे किंवा कुडचडे येथे आणि सासर सुप्यास, अशा स्त्रीला आईच्या अंत्यविधीस जाण्यासाठी परवाना हवा. तो हाती येईपर्यंत सातव्या दिवसाची मिस्साही होऊन गेलेली असे. लग्न ठरलेले मोडले, वाटणीची कागदपत्रे अडली, मुंबईस नोकरीला असलेल्यांना घरी येता येईना. आमच्या धर्मप्रांताची रचनासुद्धा याच सुमारास बदलली. त्यापूर्वी हा सारा मुलूख गोव्याच्या आर्चबिशपांच्या अधिकाराखाली होता. १९५३ च्या सप्टेंबरात बेळगाव धर्मप्रांत निराळा करण्यात आला, आणि पुढे १९७६ साली त्यातून कारवार धर्मप्रांत झाला. म्हणून आमच्या बाजूच्या जुन्या कुटुंबांचे बाप्तिस्म्याचे दाखले कधी गोव्यात सापडतात, कधी घाटावर, आणि ते पोर्तुगीज भाषेत लिहिलेले असतात. या दाखल्यांविषयी पुढे लिहावयाचे आहे.

रेल्वे बंद झाल्यावर ज्यांना परवाना मिळे त्यांनी दक्षिणेची वाट धरली. कारवारहून कोडीबागेस यावयाचे, तरीने काळी नदी ओलांडून सदाशिवगडास उतरावयाचे, तेथून माजाळी गाठावयाची; आणि मग दोन्ही नाक्यांमधील जमीन सामान उचलून पायी तुडवून पोळेंला पोर्तुगीज नाक्यावर हजर व्हावयाचे, असे ती वाट चाललेले लोक सांगतात. वाचकांस ठाऊकच आहे, की काळी नदी आमच्याच तालुक्यात डिग्गीजवळ उगम पावते. तिने पुढे धरणाखाली जुने सुपे गिळले, आणि त्या काळी मुखापाशी तरीचे भाडेही घेतले. नदीवर पूल झाला तो फार नंतर. आणि तो जुना पूलही ७ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोसळला. शेजारी नवा पूल होता म्हणून बरे, नाही तर पुन्हा तरीचीच वाट पाहावी लागली असती.

सीमा ओलांडण्याचा हक्क कोणाला व कितपत असतो, हा प्रश्न त्या दिवसांत थेट हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे गेला होता. दादरा व नगरहवेली हे मुलूख चहूबाजूंनी भारताने वेढलेले. तेथे जाण्यासाठी आपणांस भारतातून वाट मिळावी, असा दावा पोर्तुगालने १९५५ साली लावला. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल झाला. खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि साधारण माल यांना वाट मिळण्याचा हक्क १९५४ साली होता, परंतु सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रे यांना तो नव्हता. आणि तो हक्क देखील भारताच्या नियमनाखालीच होता, असे न्यायालयाने म्हटले. भारताने आपले कर्तव्य मोडले नाही असाही निर्णय दिला. मोठ्या न्यायमूर्तींनी जे ठरविले त्याचा मतितार्थ कॅसलरॉकच्या हमालालाही समजला असता: वाट मागता येते, परंतु दाराशी उभा असलेल्याला तुमची पेटी पाहण्याचा अधिकार आहे.

१९६१ च्या डिसेंबरात, १८ व १९ तारखांस, भारतीय सैन्य गोव्यात शिरले आणि ही सीमा मिटली. गाडी पुन्हा घाट उतरू लागली. आज आमच्या तालुक्यातील अनमोड येथे एक तपासणी नाका आहे, तो दोन राज्यांमधला. तेथे मद्य पाहतात, मालमोटारींचे कागद पाहतात. माणसाला कोणी पासपोर्ट विचारीत नाही. २०२४ च्या नोव्हेंबरापासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत जुने गोवे येथे पुन्हा दर्शन होते, तेव्हा आमच्या गावांची मंडळी बस करून पहाटे निघाली आणि रात्री परतली. कोणाच्या खिशात ओळखपत्र होते की नाही, ते आम्ही पाहिलेही नाही.

परंतु आमच्या घरांतून परदेशी जाणाऱ्यांची संख्या वाढत आहे. कोणी आखाती देशांत, कोणी जहाजावर, कोणी पवित्र भूमीच्या यात्रेस. विमानाने गेले तर सारे सोपस्कार एकाच इमारतीत होतात आणि पाटी वाचीत पुढे सरकले तरी भागते. खुष्कीने अथवा बोटीने सीमा ओलांडताना तसे नसते. तेथे कॅसलरॉक आणि कुळें हीच पद्धत अद्याप चालू आहे, हे समजले म्हणजे निम्मे भय नाहीसे होते.

पहिली गोष्ट ही, की दार एक नसून दोन असतात. ज्या देशातून निघावयाचे त्याचा बाहेर पडल्याचा शिक्का प्रथम घ्यावा लागतो. मग मधली मोकळी जागा, पूल किंवा पाणी. आणि नंतर पलीकडच्या देशाचा प्रवेशाचा शिक्का. खुष्कीच्या लहान नाक्यावर पहिली कचेरी रस्त्याच्या कडेला असते आणि बस सरळ पुढे जाऊ शकते. बाहेर पडल्याचा शिक्का नसेल तर पलीकडचा अधिकारी परत पाठवितो. माणसाचा शिक्का झाल्यावर मालाची जकात, तीही दोनदा. दोन्हीकडच्या कचेऱ्यांच्या वेळा सारख्या असतीलच असेही नाही. म्हणून दिवस मावळावयाच्या बेतात सीमेवर पोहोचू नये.

दुसरी गोष्ट व्हिसाची. त्यावर एकदाच प्रवेश आहे की अनेकदा, हे वाचून घ्यावे. यात्रेकरू पुष्कळदा जॉर्डनमध्ये उतरतात, जेरुसलेम पाहतात आणि परत जॉर्डनमधूनच घरी निघतात. त्यांनी पहिला प्रवेश वापरून टाकलेला असतो. पुन्हा आत येण्याची परवानगी आहे का, ते निघण्यापूर्वीच पाहिले पाहिजे. जॉर्डन नदीवरील ज्या पुलास इकडचे लोक अॅलनबी म्हणतात व तिकडचे राजा हुसेन पूल म्हणतात, तेथे जॉर्डनचा व्हिसा मिळत नाही. तो आधी हाती असावा लागतो. पुलावरून पायी जाता येत नाही, ठराविक बसनेच जावे लागते. इस्रायलचे अधिकारी पासपोर्टावर शिक्का न मारता एक सुटी चिठ्ठी देतात. ती चिठ्ठी देश सोडीपर्यंत जपावी, बायबलमध्ये खूण म्हणून घालून विसरू नये. गेल्या काही वर्षांत युद्धामुळे ही नाकी अकस्मात बंद होत आली आहेत. तेव्हा यात्रा ठरविणाऱ्याने दिलेल्या छापील वेळापत्रकावर फार विसंबू नये.

बोटीची तऱ्हा थोडी निराळी. जॉर्डनच्या अकाबा बंदरातून इजिप्तच्या नुवैबास जाणाऱ्या बोटीवर अधिकारी पासपोर्ट गोळा करून नेतात आणि पलीकडच्या बंदरात ते परत मिळतात, अशी तेथील रीत आहे. पासपोर्ट हातचा गेला म्हणून आमच्या खेड्यातील माणूस घाबरतो, आणि ते साहजिक आहे. नेणारा गणवेशातील अधिकारी आहे ना, एवढे पाहावे, नोंद झाली का विचारावे, आणि पहिल्या पानाची एक प्रत निराळ्या पिशवीत ठेवावी. आपल्या देशातही आता अशी बोट आहे. पूर्वी धनुष्कोडीहून सिलोनच्या तलैमन्नारला जहाज जात असे; १९६४ च्या डिसेंबरातील तुफानात धनुष्कोडी नष्ट झाली आणि ती वाट मोडली. १४ ऑक्टोबर २०२३ रोजी नागपट्टणमहून श्रीलंकेच्या कांकेसंतुरैला बोट सुरू झाली. ती मध्यंतरी बंद पडली, २०२४ च्या ऑगस्टात पुन्हा चालू झाली. समुद्र खवळला की फेरी राहते. म्हणून व्हिसाची मुदत दोन-चार दिवस जास्तीची असावी. नेपाळला मात्र आपल्या नागरिकांस व्हिसा लागत नाही, आणि खुष्कीने जाताना मतदार ओळखपत्रही चालते. बहुतेक अडाणी दलाल हे सांगत नाहीत. काही शहाणे दलालही सांगत नाहीत.

आता नावाविषयी. काही वर्षांपूर्वी आम्ही यात्रेकरूंच्या एका तुकडीबरोबर होतो. दोन देशांमधील एका नाक्यावर आमच्याबरोबरच्या एका मावशींना अडविण्यात आले. त्यांच्या पासपोर्टावर आडनावाची जागा कोरी होती. अधिकारी पुन्हा पुन्हा आडनाव विचारी, मावशी पुन्हा पुन्हा स्वतःचे नाव सांगत. शेवटी त्या आम्हांस म्हणाल्या, "फादर, अर्ज भरणाऱ्या पोरानं सांगितलं, एवढं नाव पुरे. मला काय ठाऊक?" तास-दीड तास चाळीस माणसे उन्हात बसमध्ये बसून राहिली. अखेर त्यांना सोडले, पण त्या दिवशी त्यांना जेवण गेले नाही. संयुक्त अरब अमिरातीने तर २०२२ च्या नोव्हेंबरापासून, नुसते एकच नाव असलेल्या पासपोर्टावर सहलीचा व्हिसा देणे बंद केले आहे.

आमच्या घरांत ही अडचण फार आहे. बाप्तिस्म्याच्या नोंदीत जुझे, शाळेत जोसेफ, रेशनकार्डावर कन्नडमधून फिरून आलेले तिसरेच काही. कायतानचा कॅजेटन होतो, जुवांवचा जॉन होतो. आडनाव गावात कोणी उच्चारीत नाही म्हणून कागदावरही राहते. गावात सारे ओळखतात तोवर काही बिघडत नाही. सीमेवर मात्र माणसाला ओळखणारे कोणी नसते, तेथे कागदच त्याची साक्ष देतो.

आणखी एक बाब आईबापांसाठी. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या पासपोर्टासाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून सरकारी जन्मदाखलाच धरला जातो; शाळेचा दाखला चालत नाही. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करावयाची असते. बाळंतपण घरी किंवा माहेरी झाले, पाऊस होता, मग राहून गेले, हे पुढे वीस वर्षांनी कोणी ऐकून घेणार नाही. चर्चमधील बाप्तिस्म्याचा दाखला हा चर्चचा दाखला आहे; त्याने सरकारी नोंदीची जागा भरून निघत नाही. तसेच, दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टावर सामान्यतः परदेशी नोकरीच्या तपासणीची खूण असते. अशांनी आखाती देशांत कामासाठी जाताना सरकारी मंजुरी घेतल्यावाचून निघू नये. सहलीच्या व्हिसावर जा, तेथे गेल्यावर पाहू, असे म्हणणाऱ्याला घराबाहेर बसवावे.

गोव्याकडून आलेल्या कुटुंबांत अलीकडे पोर्तुगीज पासपोर्टाची चर्चा बरीच चालते. १९६१ पूर्वी तेथे जन्मलेल्यांची नोंद लिस्बनला करून त्यांची मुले-नातवंडे ते नागरिकत्व घेतात. कोणी घ्यावे, कोणी घेऊ नये, हे आम्ही सांगणार नाही. परंतु भारताचा कायदा दुहेरी नागरिकत्व मानीत नाही. ते घेणारा भारतीय नागरिक राहत नाही, त्याला भारताचा पासपोर्ट परत करावा लागतो, मतदानाचा हक्क जातो आणि शेतजमीन विकत घेण्याचाही. अनमोडच्या नाक्यावरून तो निर्वेध घरी येईल, कोणी हटकणार नाही. दाबोळीला विमानातून उतरल्यावर मात्र परदेशी लोकांच्या रांगेत उभा राहील. घरात वडीलधाऱ्यांशी बसून, जमिनीचे कागद पुढे ठेवून मग ठरवावे.

जुन्या नोंदी पाहावयास येणाऱ्यांना एवढीच सूचना, की १९६० च्या सुमारापर्यंतच्या वह्या पोर्तुगीज अथवा लॅटिनमध्ये आहेत आणि काही पानांना वाळवी लागली आहे. आजोबांचे नाव, त्यांच्या आई-वडिलांची नावे, गाव आणि अंदाजे साल लिहून आणावे. नुसते "कॅसलरॉकला रेल्वेत होते" एवढ्यावर नोंद सापडत नाही. शोधून, वाचून, प्रत करण्यास पंधरा दिवस तरी लागतात. परदेशी जाण्याची तारीख ठरल्यावर नव्हे, पासपोर्टाचा अर्ज करण्यापूर्वी यावे.